स्कँडिनेव्हियन धाटणीच्या घरासाठी टोपल्या निवडताना

स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये हिवाळा लांबलचक असतो आणि त्या काळात दिवसाचा उजेड फार थोडा वेळ मिळतो. म्हणून तेथील घरांत पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड आणि नजरेसमोर मोजकेच सामान अशी मांडणी रुजली. अशा खोलीत टोपली पसारा पोटात घेतेच, शिवाय गुळगुळीत भिंतींच्या शेजारी विणीचा खडबडीतपणा आणून खोलीला ऊब देते. त्यामुळे टोपली रंगवलेली नसावी, असे माझे ठाम मत आहे. विलो या लवचिक फांद्यांच्या झाडाच्या न सोललेल्या काडीचा तपकिरी आणि सोललेल्या काडीचा पिवळसर रंग तेथे पुरेसा असतो.

टोपलीत काय ठेवायचे, हे आधी ठरवावे. सोफ्याशेजारी लोकरी पांघरुणांसाठी रुंद, गोल टोपली शोभते. फडताळात मात्र गोल टोपली कोपरे वाया घालवते, तेथे चौकोनीच हवी. कप्प्याची आतली रुंदी 33 सेंटिमीटर असेल तर टोपली 31 सेंटिमीटरपेक्षा मोठी घेऊ नये आणि हात घालण्यासाठी वर चार-पाच सेंटिमीटर जागा सोडावी. हाताने विणलेली टोपली बहुधा मध्यभागी फुगीर असते, त्यामुळे टेप काठाला न लावता तिच्या सर्वांत रुंद भागाला लावावा. काठाचे माप बरोबर येऊनही टोपली कप्प्यात अडकते ती याच कारणाने.

पांघरुणांची टोपली घेताना एक लोकरी मोजा हातावर चढवून तो आतून सर्व बाजूंनी फिरवावा. काडीचे एखादे टोक बाहेर आलेले असेल तर धागा लगेच अडकतो. ते टोक बारीक कात्रीने विणीलगत कापावे किंवा आत सुती अस्तर घालावे. मुलांच्या खेळण्यांसाठी फेल्टची (दाबून बनवलेल्या जाड, मऊ कापडाची) किंवा सुती दोराची टोपली बरी, कारण ती ओढताना जमिनीवर ओरखडे पडत नाहीत. उत्तरेकडे भूर्जाच्या सालीच्या पट्ट्यांची वीणही जुनी आहे. ही साल ओलाव्याला सहज दाद देत नाही, म्हणून दाराजवळच्या टोप्या-हातमोज्यांसाठी ती मला सर्वांत योग्य वाटते. ओले हातमोजे मात्र वाळवूनच आत ठेवावेत.

एका खोलीत दोन-तीन टोपल्या पुरेत. त्यांचे आकार वेगवेगळे असले तरी चालते, पण एका फडताळातील टोपल्या एकाच विणीच्या असाव्यात.

हीटरच्या कोरड्या हवेत विलोच्या काड्या ठिसूळ होऊन कडांना तुटू लागतात. अधूनमधून साध्या पाण्याचा हलका फवारा मारून टोपली सावलीत पूर्ण वाळू द्यावी, कारण ओल राहिल्यास बुरशी धरते. लाकडाच्या शेगडीसाठी सरपणाची टोपली ठेवायची असेल तर ती शेगडीपासून पुरेशा अंतरावर असावी. राख मात्र तिच्यात कधीही भरू नये. थंड वाटणाऱ्या राखेतही निखारे दीर्घकाळ धगधगत राहू शकतात, म्हणून तिच्यासाठी झाकणाची धातूची बादलीच वापरावी.