उंच गाडी रेल्वेत घालून फ्रान्सला न्यायचीय? मग आधी टेप काढा

पोरगी-जावई इंग्लंडात, उन्हाळ्यात इथनं दोन्हीकडचे आई-बाबा जाणार, सात-आठ माणसं म्हणून मोठी व्हॅन, आणि मग त्यातनंच फ्रान्स फिरून यायचं, असा बेत आपल्याकडं आता बऱ्याच घरांत शिजतोय. मध्ये समुद्र आहे पण गाडी रेल्वेत चढते, इंग्लंडातल्या फोकस्टनला चढवायची, ३५ मिनिटांत फ्रान्समधल्या कॅलेला उतरवायची, माणसं गाडीसोबतच. १९९४ ला सुरू झालेला चॅनल टनेल तो हाच, ५० किलोमीटरच्या वर लांब आणि त्यातला ३८ किलोमीटर समुद्राखाली.

तर पहिलं काम टेप. गाडी तिकडं आहे, तुम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत बसलाय, हे मान्य, पण ज्याच्या दारात गाडी आहे त्याला आजच व्हॉट्सअप करा की बाबा उंची मोजून पाठव. कारण गाड्या नेणाऱ्या या रेल्वेचा, म्हणजे ले शटलचा, सगळा हिशोब १.८५ मीटरवर चालतो, म्हणजे सहा फूट एक इंचाच्या आसपास. त्याच्या खालच्या गाड्या दुमजली डब्यात जातात आणि वरच्या एकमजली डब्यात, बस, कॅराव्हॅन, मोठ्या व्हॅन यांच्यासोबत. अंदाज यावा म्हणून आपल्या गाड्या बघा, इनोव्हा क्रिस्टा १.७९५, फॉर्च्युनर १.८३५, दोन्ही खालच्या गटात, आणि स्कॉर्पिओ-एन १.८५७ म्हणजे नुसती गाडीच बाहेर. फोक्सवॅगनची कॅलिफोर्निया कॅम्परव्हॅन १.९९ ची, ती तर उंच आहेच.

आणि कंपनीच्या कागदावरची उंची सांगू नका, टपावरच्या सामानासकट जी भरते ती खरी. रूफ बॉक्स धरायचा, टपावर सायकली लावणार असाल तर त्या पण धरायच्या. आपल्याकडं उद्यमनगरातनं कॅरिअर मारून आणला, वर ताडपत्री टाकून बोजा आवळला आणि गाडी हाणली की जोतिबापर्यंत कोण विचारत नाही, तिकडं बुकिंग करतानाच उंचीचा गट निवडायचा असतो आणि त्यावरनंच तुमचा डबा ठरतो. सपाट जागी, बॉक्स बसवून, टायरात हवा भरून मोजायला सांगा आणि आकडा फोनमध्ये लिहून ठेवा, पुढं तीनदा तरी लागतो. १.८३-१.८४ निघाली आणि बॉक्स अजून बसवायचाच आहे तर उगाच घासाघीस करत बसू नका, सरळ उंच गाडी म्हणूनच बुक करा. एकमजली डब्यात काय कमीपणा नाही, उलट वर रॅम्प चढायचा नाही, जागा ऐसपैस, मला विचाराल तर म्हाताऱ्या माणसांना तोच बरा. तिकीट माणशी नसतं, गाडीचं असतं, नऊ माणसांपर्यंत, त्यामुळं मोठी व्हॅन भरून नेली तर परवडतं.

गॅसचं आधीच विचारून घ्या. एलपीजी किंवा तसल्या गॅसवर चालणारी गाडी रेल्वेत घेतच नाहीत, पेट्रोलवर चालवत आणली म्हणून पण नाही, टाकी आहे म्हणजे नाही. कॅम्परमधला स्वयंपाकाचा सिलिंडर चालतो पण कॉक बंद पाहिजे, आणि सुट्या सिलिंडरला वजनाची मर्यादा आहे, एक असेल तर ४७ किलो. आपल्या घरातल्या टाकीत गॅस १४.२ किलो असतो, म्हणजे चहापाण्यापुरत्या सिलिंडरला काय अडचण नाही.

आता कागद, आणि हे मात्र कोल्हापूर सोडायच्या आधीच. यूकेचा व्हिसा आहे म्हणजे फ्रान्स झालं असं समजू नका, फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो, आणि तिकडं फिरायला गेलेल्या माणसानं तिथनं काढू म्हणणं अवघड आहे, तो इथनंच काढून जायचा, त्याला ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स पण लागतो. परत यूकेत यायचंय हे विसरू नका, तो व्हिसा मल्टिपल एंट्री आहे का आणि परतीच्या तारखेला संपत नाही ना, हे बघा. दोन्ही देशांची पासपोर्ट तपासणी फोकस्टनलाच होते, म्हणजे कॅलेत उतरलं की थेट रस्त्यावर, पण याचा दुसरा अर्थ असा की एकाचा जरी कागद कमी असला तरी अख्खी व्हॅन फोकस्टनला अडकते. इथनं जाणारं कुणी स्टिअरिंगवर बसणार असेल तर आरटीओतनं इंटरनॅशनल परमिट काढा आणि तिकडच्या इन्शुरन्सवर त्याचं नाव घालायला सांगा. व्हॅन भाड्याची असेल तर मालकाची परवानगी लेखी पाहिजे आणि व्हीई१०३ नावाचा कागद, म्हणजे भाड्याची गाडी परदेशात न्यायचा दाखला, तो भाडं देणाऱ्याकडनं मागून घ्यायचा.

खाण्याचं सांगतो, कारण आपली माणसं इथंच घोळ घालतात. मांस आणि दूध यांचं काहीही युरोपात न्यायला बंदी आहे, म्हणजे पेढे, बर्फी, तूप बाद, आणि मटणाचं लोणचं बरणी सील करून दिलं तरी बाद. खरं तर ते इथनं विमानानं इंग्लंडात न्यायला पण चालत नाही, त्यामुळं काकूंना आधीच समजवा, एअरपोर्टवर रडारड नको. भडंग, शेंगदाणे, कांदा-लसूण चटणी, गूळ न्या बिनधास्त.

निघायच्या दिवशी एम२० या हायवेवरनं जंक्शन ११ए ला बाहेर पडायचं, तासा-दीड तासाची उसंत ठेवून पोचायचं. टर्मिनलवरच सगळ्यांनी टॉयलेटला जाऊन या, रेल्वेत प्रत्येक डब्यात नसतं आणि गाड्यांच्या कडेनं चालत जायला आत्याला गुडघ्यामुळं जमायचं नाही. चेक-इनला एक अक्षर मिळतं ते आरशाला लटकवायचं, ते अक्षर पुकारलं की निघायचं. डब्यात इंजिन बंद, हँडब्रेक, गिअरमध्ये, काचा अर्ध्या खाली, सिगारेट नाही, आणि फोटो काढा पण फ्लॅश नको.

पलीकडं गेल्यावर उजवीकडनं चालायचं आणि घड्याळ एक तास पुढं. गाडीला यूकेचा स्टिकर, हेडलाइटला लावायच्या पट्ट्या, गाडी बंद पडली तर रस्त्यावर ठेवायचा त्रिकोण आणि चमकणारं जॅकेट, जॅकेट हाताशी ठेवा, डिकीत सामानाखाली नको. पॅरिसमध्ये गाडी घालणार असाल तर क्रिट-एअर स्टिकर, म्हणजे गाडी किती धूर सोडते ते दाखवणारा, पोस्टानं येतो, तो आधीच मागवून ठेवा. आणि फोनमधला तो उंचीचा आकडा इथं परत लागतो, फ्रान्सच्या टोलला २ मीटरपर्यंत एक दर आणि २ ते ३ मीटरला त्याच्या वरचा, शिवाय पार्किंगच्या तोंडाला आडवी दांडी असते ती बऱ्याच ठिकाणी १.९० ची, त्यामुळं मुक्कामाचं हॉटेल बुक करताना पार्किंग उघड्यावर आहे का एवढं विचारा. टोलची खिडकी डाव्या बाजूला येते आणि तिकडच्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडं, म्हणजे कार्ड आणि सुटे पैसे पुढं डाव्या सीटवर बसलेल्याकडं, तिथं झोपाळू माणूस बसवू नका.

परतीचं बुकिंग पण त्याच उंचीवर झालेलं असतं, तिकडं पोरांना सायकल घेतलीत तर मागं टांगा, टपावर नको. आणि फ्रेंच चीज तिथंच खाऊन संपवा, एप्रिल २०२५ पासनं यूकेनं पण युरोपातनं मांस आणि दुधाचं आणायला बंदी घातलीय.