सरकारनं किती करावं? गावात हा वाद नीट कसा घालायचा

‘सरकार मोठं असावं की लहान’ असा विषय ठेवला, की अर्ध्या तासात गाडी पुढाऱ्यांच्या नावांवर येते. म्हणून एकच काम निवडा आणि हो किंवा नाही म्हणता येईल असं वाक्य फळ्यावर लिहा. ‘सरकारने कापूस उत्पादकांना मदत करावी’ याला नाही कोण म्हणणार? त्याऐवजी असं लिहा: ‘सीसीआयने कापूस घेणं बंद करावं, हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक थेट खात्यात टाकावा.’ सीसीआय म्हणजे हमीभावानं कापूस घेणारं भारतीय कापूस महामंडळ. सरकार दोन्ही बाजूंना हवंच आहे, पण ते वजनकाट्यावर उभं राहावं की नुसता पैसा पाठवावा, यावर भांडता येतं.

दिवस पोळ्यानंतरचा, सोयाबीनची सोंगणी लागण्याआधीचा धरा. वेळ रात्री आठ ते साडेनऊ. पारावर बसलात तर बाया लांबूनच ऐकतात. शाळेची खोली बरी.

खरी मेहनत आदल्या दिवशीची आहे. कार्डशीटवर चार रकाने आखा: ठरवतं कोण, पैसा कोणाचा, काम कोण करतं, चुकलं तर जाब कोणाला विचारायचा. कापसाचं भरून बघा. हमीभाव केंद्र सरकार जाहीर करतं, सीसीआयही केंद्राचीच. पण सातबाऱ्यावरच्या ज्या पीकपेऱ्यावर तुमचा कापूस मोजला जातो, तो राज्याच्या महसूल खात्याचा. माल उतरतो जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी करायच्या कारखान्यात. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, त्यापुढे कपात, 12 च्या वर गेला की गाडी परत. तो ओलावा बरोबर मोजला की नाही, हे कोणाला विचारायचं? चौथ्या रकान्याशी बहुतेक गट अडतात. अडू द्या. सरकार कमी हवं की जास्त, यापेक्षा जाब देणारं हवं, हे तिथेच दिसायला लागतं. हे रकाने न भरता सभा घेतली, तर केंद्राच्या धोरणाचा राग गावातल्या ग्रामसेवकावर निघतो.

प्रत्येक बाजूला तीन माणसं द्या, बोलायला चार-चार मिनिटं. एकानं घड्याळ पाहावं, एकानं लिहून घ्यावं. अर्ध्या वेळेनंतर बाजू बदला. ही अट काही भाऊमंडळींना आवडत नाही. तरी सोडू नका, कारण त्याशिवाय जो तो आपल्या पक्षाचंच बोलतो.

दोन्ही गटांना आपल्या विरोधात जाणारं एक उदाहरण आधीच द्या. खरेदी चालू ठेवा म्हणणाऱ्यांना एकाधिकार खरेदीचं द्या. 1971 च्या कायद्यानं महाराष्ट्रात कापूस फक्त सरकारी यंत्रणेनंच घ्यायचा ठरलं. बाहेर भाव चढला की इथला कापूस चोरून सीमेपलीकडे जायचा, बाहेर भाव पडला की तिकडचा इकडे यायचा. तोटा तिजोरीवर आणि चुकाऱ्याला उशीर. फरकाचा पैसा मागणाऱ्यांना मध्य प्रदेशातली 2017 ची भावांतर योजना द्या. सरकार फरक भरणारच आहे म्हटल्यावर व्यापाऱ्यांनी भाव पाडले, अशी तक्रार तिथे झाली.

‘आमचं ठरलेलंच आहे’ म्हणणाऱ्यांसाठी एक जोडी हाताशी ठेवा. 2019 च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी परवानगी नसलेलं कपाशीचं बियाणं उघडपणे पेरलं. मागणी होती, सरकारनं बियाण्यातून हात काढावा. त्याआधी 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली, तेव्हा कीटकनाशकांच्या विक्रीवर सरकारचं लक्ष का नव्हतं, हा सवाल उठला. पीक एकच, कपाशी. दोन्ही प्रसंगी एकच उत्तर चालतं का, ते विचारा.

तिसरी बाजू गडचिरोलीकडून येते. मेंढा (लेखा) गावाची घोषणाच आहे, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 पासून बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभा देऊ लागली. पण हे उदाहरण देणाऱ्याला एक विचारा: बांबूचा हिशेब लिहायला आणि जंगलावर लक्ष ठेवायला आपल्या गावातून कोण येईल? नावं निघाली नाहीत, तर तो मुद्दा कच्चा धरा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते दोन ठिकाणी. ‘तूच तर घरकुल घेतलं’ असं कोणी म्हटलं की सभा संपली समजा. कोणी काय लाभ घेतला, हे बोलायचं नाही, असं सुरुवातीलाच सांगा. दुसरं, बोलतात ते जमीनवालेच. वेचणीला जाणाऱ्या बायांना आणि सालगड्यांना पहिली पाळी द्या. त्यांना हमीभावापेक्षा रेशन आणि दवाखाना जवळचा वाटतो, आणि सरकारी पैसा कशावर खर्चावा हा प्रश्न मग वेगळाच दिसतो.

शेवटी हात वर करून कौल घेऊ नका. लिहिणाऱ्यानं दोन याद्या वाचाव्या: कशावर दोन्ही बाजू राजी झाल्या, आणि कशावर नाही. राजी झालेल्यांतलं जे पंचायतीच्या हातातलं आहे, पांदण किंवा नळ, ते ग्रामसभेत न्या. तिथे गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी कमी असेल ती. ठरावात ‘शासनाने लक्ष द्यावे’ लिहू नका. कोणतं काम, कोणत्या निधीतून, कोणत्या महिन्यापर्यंत आणि कोणाकडे, हे लिहा. हमीभावासारखं जे गावाच्या हातात नाही, ते निवेदनात घाला आणि चौथ्या रकान्यात ज्याचं नाव आलं त्याच्याच पत्त्यावर पाठवा.