मुलांच्या खेळाआधी मागचं दार तपासा

31 डिसेंबर 1929. स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावी ग्लेन सिनेमात मुलांचा दुपारचा खेळ चालू होता. रिळाच्या डब्यातून काळा धूर निघाला आणि पळापळ झाली. भाजून कुणी गेलं नाही. 71 मुलं गेली ती जिन्याच्या तळाशी, बंद लोखंडी फाटकापाशी चेंगरून. म्हणून हॉल तपासताना आग विझवायच्या नळकांड्यांआधी मागच्या दाराकडे जा.

दार बाहेरच उघडलं पाहिजे. आत उघडणाऱ्या दाराला दोन-तीन रांगा मुलं टेकली की पल्ल्याला मागे यायला जागाच उरत नाही. मग पैलवान आला तरी ओढता येत नाही.

आता जोर मोजा. ढकलली की दार उघडतं अशी आडवी दांडी दारावर असते; दाबून मोजणारा स्प्रिंगचा वजनकाटा तिच्यावर काटकोनात धरून दाबा. खटका सुटतो तेव्हा काटा 7 किलोच्या आत हवा. जास्त दाखवला तर लगेच दांडी बदलायला निघू नका. बिजागरी गंजलेली आहे का, खालच्या कडीच्या भोकात माती बसली आहे का, ते बघा. साफ करा, तेल सोडा, पुन्हा मोजा.

साखळी-कुलूप दिसलं तर ‘किल्ली वॉचमनकडे असते’ हे उत्तर चालवून घेऊ नका. फुकटे आत शिरतात ही तक्रार खरी असते, पण त्याला कुलूप हा इलाज नव्हे. बाहेरून मूठच ठेवू नका आणि दार उघडलं की वाजेल अशी घंटा लावा.

जिना दिवे घालवून उतरून पाहा. शेवटची पायरी आणि दार यांत अंतर कमी असेल तर पहिलं मूल तिथेच अडखळतं, आणि वरच्यांना ते दिसत नाही. तिथे खुर्च्या, पोस्टरचे फलक काही नको. माणूस उभा करायचा तो जिन्याच्या तळाशी, वर नाही.

पेस्लीत मुलं सहाशेच्या वर आणि सांभाळणारे मोजकेच होते; चौकशीत त्यावरही ठपका आला. प्रत्येक दाराला एक मोठं माणूस, आणि तेही मुलं आत सोडायच्या आधी. प्रोजेक्टरवाल्याला यात धरू नका, त्याला जागा सोडता येत नाही.

धूर दिसलाच तर खेळ थांबवा, सगळे दिवे लावा, माइकवर एकानेच बोला. ‘आग’ हा शब्द नको. दाराजवळच्या रांगा आधी उठवा.