पॉप संगीताच्या अंकाचं मुखपृष्ठ लावताना

सांगलीच्या एसटी स्टँडवर मासिकं एकावर एक चढवून लावली, की प्रत्येकाचा वरचा तिसरा हिस्साच दिसतो. म्हणून मासिकाचं नाव, गायकाचे डोळे आणि एक ठळक ओळ तिथंच बसवा. चौदा-पंधरा वर्षांची पोरं आधी चेहरा बघतात, त्यामुळे फोटो एकच, मोठा आणि वाचकाकडे बघणारा घ्या. सहा छोटे फोटो कोंबलेलं मुखपृष्ठ क्लासच्या जाहिरातीसारखं दिसतं.

ए-फोर अंकासाठी फाइल २१६ × ३०३ मिमी ठेवा, म्हणजे चारही बाजूंना ३ मिमी कटिंगसाठी सुटतात. फोटो ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे साधारण २५५१ × ३५७९ पिक्सेल हवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून आलेला चालत नाही, तो दाबला जातो आणि छपाईत केसांच्या कडा फुटतात. डॉक्युमेंट म्हणून मागवा.

स्क्रीनवरचा झगझगीत निऑन गुलाबी सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, मळकट होतो. पोरांना हवा असतो नेमका तोच रंग! मॅजेंटा (गुलाबी शाई) १०० टक्के, बाकी शून्य ठेवून बघा, पुष्कळ जवळ जातं.

पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरी नीट जुळवणारी सेटिंग) लावला नाही, तर ‘किशोर’मधली वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं तुटतात. ओळींत अंतरही इंग्रजीपेक्षा जास्त सोडा: १० पॉइंटच्या अक्षराला १४-१५ पॉइंट, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतात.

पिनिंगचा, म्हणजे मधोमध पिना मारलेला अंक असेल तर पानं चारच्या पटीत. मधल्या दोन पानांवर पोस्टर द्या, पण चेहरा पिनांवर येऊ देऊ नका.