बदली झाली? ट्रक ठरवायच्या आधी ऑर्डर वाचा

मार्च-एप्रिल आला की आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कुणाची ना कुणाची बदली निघतेच, आणि संध्याकाळी दार वाजतं, "काकू, टीए बिल, म्हणजे प्रवासभत्त्याचं बिल, कसं भरायचं?" केंद्र सरकारच्या कार्यालयात मी निवृत्तीपर्यंत बिल सेक्शन सांभाळलं, म्हणून हे लिहितेय. राज्य सरकारचे नियम वेगळे आहेत, तिकडच्या मंडळींनी हे आकडे धरू नयेत.

ऑर्डर हातात आली की आधी ती शब्द न्‌ शब्द वाचा. बदली जनहितार्थ असेल तरच बदलीचा प्रवासभत्ता मिळतो. विनंती बदलीला तो मिळत नाही, जॉइनिंग टाइमही (नव्या जागी रुजू व्हायला मिळणारा वेळ) नाही. जनहिताचा उल्लेख राहून गेला असेल तर रिलीव्ह होण्याआधीच दुरुस्तीपत्र काढून घ्या. तुम्ही नव्या गावी गेलात की जुन्या ऑफिसात तुमच्या कागदामागे लागणारं कुणी नसतं.

आता पैशांचं. वीस किलोमीटरपेक्षा लांब बदली असेल तर मूळ वेतनाच्या 80 टक्के ट्रान्सफर ग्रँट एकरकमी मिळते. मूळ वेतन 44,900 असेल तर 35,920 रुपये. बदली पुण्यातल्या पुण्यात असेल तर याच्या एक तृतीयांश, आणि तेही घर खरोखर बदललं तरच.

सामानासाठी पगाराच्या लेव्हल 6 आणि त्यापुढच्यांना 6,000 किलोपर्यंत, रस्त्याने किलोमीटरला 50 रुपये असा दर होता. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्यामुळे 1 जानेवारी 2024 पासून तो 62.50 झाला. पुण्याहून नागपूर 700 किलोमीटर धरलं तर 43,750 रुपये. पण ही कमाल मर्यादा आहे. ट्रकवाल्याला 38,000 दिले असतील तर 38,000च मिळणार. लेव्हल 5 ला 3,000 किलो, त्याखाली 1,500 किलो, आणि दरही कमी. ट्रकवाल्याकडून पक्कं बिल आणि बिल्टी (माल वाहतुकीची पावती) घ्या. त्यावर गाडीचा नंबर, वजन, कुठून कुठे आणि तारीख हवीच. वहीच्या पानावर "सामान पोचवले, रोख मिळाले" एवढंच लिहून आणलेले किती तरी जण मला परत पाठवावे लागले, आणि प्रत्येक वेळी जीव तुटायचा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते घरच्यांच्या प्रवासात. माझंच सांगते. मी बिल सेक्शनला येण्याआधी माझी नोव्हेंबरमध्ये नागपूरला बदली झाली. मुलीची दहावी होती, म्हणून ती आणि हे पुण्यातच राहिले. निकाल लागल्यावर जूनमध्ये आले. चार्ज सोडल्यापासून सहा महिन्यांची मुदत मे महिन्यातच संपली होती, दोघांच्या भाड्यावर पाणी सोडावं लागलं. विशेष कारण असेल तर सक्षम अधिकारी ही मुदत वाढवू शकतात, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. तुमच्या घरात दहावी-बारावी असेल तर चार्ज सोडतानाच कारणासह अर्ज द्या आणि पोच घ्या.

बिल प्रवास संपल्यापासून 60 दिवसांत द्यायचं. 2018 पूर्वी वर्षभराची मुदत होती, जुने लोक अजून तेच सांगतात, ऐकू नका. घरचे मागाहून येणार असले तरी स्वतःचं बिल थांबवू नका. ॲडव्हान्स घेतला असेल तर तो एलपीसीवर, म्हणजे जुन्या ऑफिसच्या शेवटच्या वेतनाच्या दाखल्यावर, चढलाय का, हे पुणं सोडण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा.