ताकदीच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतताना

घरात रोज घेतल्या जाणाऱ्या ज्या काही गोळ्या, कॅप्सूल, पुड्या आणि डबे असतील ते आधी एका पिशवीत गोळा करा. फ्रीजच्या दारातले, टीव्हीखालच्या ड्रॉवरमधले, पर्समध्ये पडलेले, आणि न्यू जर्सीच्या लेकीनं सुट्टीत आणलेला तो भला मोठा डबासुद्धा. मग वही घ्या आणि प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहा: आत काय आहे, किती आहे, कुणी सांगितलं, कधीपर्यंत घ्यायचं. 'कुणी सांगितलं'च्या रकान्यात खरं काय ते लिहा. व्हॉट्सॲप असेल तर व्हॉट्सॲप लिहा. 'शेजारच्या वहिनींना फरक पडला' असेल तर तेही चालेल.

मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यावर माझं मेडिकल आहे. डी.फार्म. करून काउंटरला उभी राहिले ती अजून उभीच आहे. "ताई, एखादी ताकदीची गोळी द्या की," हे दिवसभर कानावर पडतं. आणि या डब्यांवर आम्हाला बीपीच्या गोळीपेक्षा कितीतरी जास्त सुटतं. तेव्हा 'हे नको' असं सांगण्यात माझा धंद्याचा फायदा नाही, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

वही लिहून झाली की पहिलं काम म्हणजे डबल-तिबल शोधणं. आमच्याकडे एक निवृत्त हेडमास्तर येतात. त्यांच्या पिशवीत हाडांच्या डॉक्टरांनी दिलेल्या डी जीवनसत्त्वाच्या पुड्या होत्या, कॅल्शिअमची गोळी होती (तिच्यातही डी), अमेरिकेचं मल्टिव्हिटॅमिन होतं (त्यातही डी), मुंग्यांसाठी बी-कॉम्प्लेक्स होतं आणि दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली नसांची गोळी होती. शेवटच्या दोन्हींत बी-6, आणि मल्टिव्हिटॅमिनमध्येही. गंमत अशी, की बी-6 जास्त प्रमाणात महिनोन्महिने पोटात गेलं तर नसांनाच इजा होते आणि हातापायांना मुंग्या येतात. म्हणजे ज्यासाठी गोळी घ्यायची तेच गोळीनं व्हायचं. कुठल्याच डॉक्टरांचं चुकलं नव्हतं. प्रत्येकानं आपली चिठ्ठी लिहिली होती, दुसऱ्याची चिठ्ठी कुणी दाखवलीच नव्हती. गुरुजींना मी ती वही घेऊन परत डॉक्टरांकडे पाठवलं. तुम्हीही असंच करा, डॉक्टरांनी दिलेली गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. बाकीच्यांचं मात्र तुम्हीच ठरवायचं.

ठरवायचं कसं? रोज गोळी घ्यायला कारण लागतं, आणि खरी कारणं मोजकीच आहेत. एखादी गोष्ट तुमच्या ताटात येतच नाही. किंवा शरीराची गरज वाढली आहे, जसं गरोदरपणात. किंवा एखादा आजार अथवा दुसरं औषध ती अंगी लागू देत नाही. 'वय झालं', 'थकवा येतो', 'घेतलेलं बरं' ही कारणं नव्हेत. थकव्यामागे थायरॉइड असतो, शुगर असते, उतरलेलं हिमोग्लोबिन असतं, रात्री बारापर्यंतचा मोबाइल असतो. ताकदीच्या गोळीखाली हे सगळं सहा-सहा महिने झाकून राहतं, आणि माझा खरा राग त्यावर आहे.

आपल्याकडे ज्याला खरंच कारण असतं असं पहिलं नाव बी-12. वनस्पतीत ते नसतं. मांस, मासे, अंडी, दूध एवढेच त्याचे मार्ग. स्पिरुलिनात असतं असं सांगून डबे विकले जातात, पण त्यातलं बहुतेक आपल्या शरीराच्या उपयोगाचं नसतं. मोठ्या माणसाची गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम. अर्धा लिटर दुधात साधारण दोन मिळतं. "आम्ही दूध घेतो की" म्हणणाऱ्यांना मी विचारते, किती? चहात पडतं तेवढं? मग ते धरू नका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं 1990च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यात निम्म्याहून अधिक जणींचं बी-12 कमी निघालं. ज्या आयांचं बी-12 कमी आणि फोलेट (गोळीत येतं ते फॉलिक ॲसिड) जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणून 'थकवा आहे' एवढ्यावर नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहू नये. त्यानं रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि बी-12ची कमतरता आतल्या आत नसा पोखरत राहते.

तेव्हा शुद्ध शाकाहारी असाल, शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल, किंवा रोज सकाळी पित्ताची गोळी वर्षानुवर्षं घेत असाल, तर एकदा बी-12 तपासून घ्या. रिपोर्ट 200 पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरतात, 200 ते 300 म्हणजे काठावर. गोळीवर 1500 मायक्रोग्रॅम बघून दचकू नका. पोटातली जी व्यवस्था बी-12 उचलते ती एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमलाच दमते. उरलेल्यातलं सुमारे एक टक्का आपसूक आत झिरपतं. दीड हजाराचे पंधरा पदरात पडतात, ते पुरतात. मिथाइल की सायनो, म्हणजे बी-12चा कुठला प्रकार, यावर घरात भांडू नका. सायनोकोबालामिन स्वस्त आणि टिकाऊ असतं, बहुतेकांना तेही चालतं. शाकाहारी माणसाला ही गोळी पुढेही लागणारच, कारण ताट बदलणार नाही. यकृतातला साठा वर्षांनुवर्षं पुरतो, त्यामुळे गोळी थांबवल्यावर लगेच काही जाणवत नाही आणि माणूस निर्धास्त होतो.

डी जीवनसत्त्वाची गोष्ट उलटी आहे. इथे कमी घेण्यापेक्षा जास्त घेण्याची भीती मला वाटते. 60,000 युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, बहुधा आठ आठवडे, मग महिन्याला एक, अशी चिठ्ठी असते. 'आठवड्याला' हा शब्द विसरून रोज एक घेणारी माणसं आम्ही केमिस्ट लोक बघतो. रक्तात कॅल्शिअम वाढतं, मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, सारखी लघवी, आणि शेवटी किडनीवर येतं. रोजची गरज 600 युनिट, वरची मर्यादा 4,000, आणि पुडी 60,000ची. हे तीन आकडे शेजारी लिहून ठेवा. पुडीचा वार ठरवा. आमच्या भागात गुरुवार सोपा पडतो, दत्ताचा वार कुणी विसरत नाही. दूध किंवा जेवणासोबत घ्या, कारण ते स्निग्धात विरघळतं.

आणि लॅबचा रिपोर्ट वाचताना एक बघा. बरेच ठिकाणी 30च्या खाली सगळं 'अपुरं' म्हणून ठळक छापतात. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं 2011 मध्ये 20 नॅनोग्रॅम बहुतेक सगळ्यांना पुरेसं मानलं. 30ची रेघ धरली तर निम्मी मिरज आजारी ठरेल. अमेरिकेतल्याच 'व्हायटल' नावाच्या चाचणीत 25,871 लोक होते. त्यातल्या रोज 2,000 युनिट डी घेणाऱ्यांमध्येही कर्करोग किंवा हृदयविकार कमी झाला नाही, आणि 2022 मध्ये आलेल्या निष्कर्षांत हाडं मोडण्यातही फरक पडला नव्हता. चाचणीतल्या बहुतेकांना मुळात कमतरता नव्हती, हेही खरं. ज्याचं 8 किंवा 10 आलंय, हाडं दुखतात, बाहेर पडणं नाही, त्यानं पुडी घ्यावीच. 24 आलंय म्हणून घाबरलेल्यानं दुपारच्या उन्हात हातपाय उघडे टाकून थोडं फिरावं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन त्या कामाचं नाही.

रक्तवाढीची गोळी हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय घेऊ नका, विशेषतः पुरुषांनी. पुरुषाला पाळी नसते, रक्त जायला वाट नसते. त्याचं लोह कमी असेल तर ते कुठून जातंय, मूळव्याध की आतड्यातला अल्सर, हे शोधायला हवं. गरोदर बाईची गोष्ट वेगळी. 'ॲनिमिया मुक्त भारत' या सरकारी योजनेत तिला रोज 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची लाल गोळी मिळते, 180 दिवस, आणि बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस. ती गोळी फुकट मिळते म्हणून कमी प्रतीची समजून माझ्याकडे महागडं सिरप मागायला येतात. अंगणवाडीतली किंवा उपकेंद्रातली घ्या आणि त्या पैशाचे शेंगदाणे आणा. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या, चहा त्याच्या आगेमागे तासभर तरी नको. शौचाला काळं होतं, घाबरायचं नाही. आणि मूल हवं असं ठरवलंत की फॉलिक ॲसिड तेव्हापासूनच, दिवस राहिल्यावर नव्हे. बाळाच्या मज्जारज्जूची नळी पहिल्या 28 दिवसांत बंद होते. तोवर कित्येकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं.

कॅल्शिअमच्या पाकिटावर दोन आकडे असतात: कॅल्शिअम कार्बोनेट 1250 मिलिग्रॅम आणि एलिमेंटल कॅल्शिअम 500. दुसरा खरा. दिवसाची गरज 1000 मिलिग्रॅम, त्यातलं किती ताटातून येतं ते आधी मोजा. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, दोन कप दुधात पाचशेच्या आसपास. हे रोज होत असेल तर गोळी कशाला? मुतखडा झालेला असेल तर विचारल्याशिवाय हात लावू नका.

डब्यातले मोठे मासे तेवढे उरले. मल्टिव्हिटॅमिन: नीट जेवणाऱ्या माणसाला आयुष्य वाढवून देतं असं कुठल्याच मोठ्या अभ्यासात दिसलेलं नाही. घेतलंत तर नुकसान थोडं, फायदाही थोडा. ई जीवनसत्त्वाची 400 युनिटची हिरवी कॅप्सूल चेहऱ्याला फोडून लावणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण रोज गिळू नका. 2011 मध्ये आलेल्या 'सिलेक्ट' चाचणीच्या निष्कर्षात ती घेणाऱ्या पुरुषांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्के जास्त दिसला. सी आणि झिंक कोरोनात पोत्यानं खपलं, ते अजून सवयीनं चालू आहे. पेरू आणि आवळा असताना सीची गोळी मला विकायलाही लाज वाटते. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल विचारणाऱ्या, मासे खाणाऱ्या घरांना मी बांगडा आणि तारलीकडे पाठवते.

'आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही' यावर मात्र थांबा. 2020 मध्ये काढे आणि गुळवेल जोरात चालू होतं, तेव्हा गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली, वनस्पतीची ओळखच नीट पटवली नव्हती असं त्यांचं म्हणणं. माझ्या काउंटरवर या वादाचा अर्थ एवढाच: पिशवीत नेमकी कुठली वेल कुटून भरलीय हे तुम्हाला कळत नाही, मलाही नाही. यकृताचा त्रास आधीच असेल तर वैद्यांना दाखवून घ्या, ऑनलाइन मागवून नव्हे.

काही विकत घ्यायचंच ठरलं तर डबा उलटा करून वाचा. एफएसएसएआयचं (सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचं) चिन्ह आणि 14 आकडी परवाना क्रमांक असेल तर कायद्यानं ते अन्न आहे. त्यावर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असंही छापलेलं असतं. कमतरता भरून काढायची असेल तर अशा डब्यावर विसंबू नका, चिठ्ठीवरचं औषध घ्या. नुसती पंधरा-वीस नावं आणि 'ब्लेंड' असं एकच वजन असेल तर डबा परत फळीवर ठेवा. प्रोटीन पावडरीतही हेच. चमच्यामागे किती ग्रॅम प्रोटीन आणि किती साखर, दोन्ही बघा. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

उरलेल्या गोळ्यांच्या वेळा वहीत लिहा. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, आणि कॅल्शिअम किंवा लोह तिच्यापासून चार तास लांब. नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही, आणि मग डॉक्टर तिचा डोस वाढवत बसतात. लोह आणि कॅल्शिअमही एकत्र नको, एक सकाळी तर एक रात्रीच्या जेवणाबरोबर.

केसांच्या गोळ्या घेत असाल तर त्यात बायोटिन किती आहे ते पाहा. रोजची गरज 30-40 मायक्रोग्रॅम, आणि गोळीत सर्रास 10 मिलिग्रॅम असतं, म्हणजे शेकडो पट. केस त्यानं वाढोत न वाढोत, थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, आणि हार्ट ॲटॅकसाठी करतात ती ट्रोपोनिनची तपासणीही. रक्त द्यायला जाल तेव्हा लॅबमध्ये 'मी बायोटिन घेते' हे आधी सांगा. किती दिवस बंद ठेवून यायचं ते तेच सांगतील.