मनगटच का धरतात? आयकिदोत नव्याने येणाऱ्यांसाठी

आयकिदो या जपानी युद्धकलेच्या वर्गात आलेला जवळजवळ प्रत्येक नवखा थोड्याच दिवसांत एक प्रश्न विचारतो: रस्त्यावर भांडण झालं तर कोण येऊन नुसतं मनगट धरून उभं राहतं? माणूस ठोसा मारेल, ढकलेल, फार तर कॉलर धरेल. मग इथे तास तास मनगटं धरून काय चाललंय? प्रश्न अगदी रास्त आहे. मी जपानात, इबाराकी प्रांतात नोकरी करते आणि इथल्याच एका छोट्या दोजोत, म्हणजे तालमीत, शिकते. इथे लाकडी तलवार आणि काठी सुरुवातीपासूनच हातात देतात, त्यामुळे मला उत्तर शोधत फिरावं लागलं नाही. धरणाऱ्याला तुमच्या मनगटाशी तसं काही देणंघेणं नसतं. तुमची तलवार म्यानातून बाहेर येऊ नये, एवढीच त्याची धडपड असते.

तलवार बाळगणारा सामुराई डोळ्यांसमोर आणा. कताना डाव्या कमरेला, धार वरच्या बाजूला, पातं साधारण 70 सेंमी, मूठ 25 सेंमीच्या आसपास. उपसायचा हात उजवा. ते उजवं मनगट कुणी वेळीच दाबलं, की तलवार जागच्या जागी अडकते. धरणाऱ्याचा दुसरा हात मात्र मोकळा असतो आणि त्याच्याही कमरेला आखूड पातं असतंच. म्हणून काताते-दोरी, म्हणजे एका हाताने मनगट धरणं, ही अर्धीच चाल आहे. उरलेली अर्धी त्या मोकळ्या हातात असते आणि वर्गात ती कुणी करून दाखवत नाही म्हणून दिसत नाही. समोरासमोर उभे असताना तो डाव्या हाताने तुमचा उजवा हात धरतो तेव्हा त्याचा स्वतःचा उजवा हात मोकळा राहतो, हे एकदा लक्षात आलं की ती पकड पोरकट वाटत नाही.

मोरोते-दोरी तर तलवारीशिवाय समजतच नाही. त्यात समोरचा दोन्ही हातांनी तुमचा एक हात धरतो. नि:शस्त्र माणसाशी असं वागणं वेडेपणाच. आपले दोन्ही हात अडकवून त्याचा एक हात ठोसा मारायला मोकळा कोण सोडेल? पण त्या एका हातात तलवारीची मूठ येणार असेल, तर दोन्ही हात खर्ची घालणं परवडतं. र्योते-दोरीत दोन्ही मनगटं धरतात, कारण एक हात मुठीवर आणि दुसरा म्यानाच्या तोंडाशी असतो. मागून दोन्ही मनगटं धरण्याच्या प्रकारात, उशिरो र्योते-दोरीत, मी नेहमी समोर आणखी एक माणूस पाते घेऊन उभा आहे असं धरून चालते. तेवढ्याने वळण्याची घाई आपोआप होते.

आता याचा शिकणाऱ्याला उपयोग काय? मनगट धरलं की आपण ते सोडवायला लागतो. ओढतो, पिळतो, खांदा वर जातो. समोरचा जाडजूड असेल तर सगळं तिथेच संपतं. तलवार उपसताना मात्र नुसता हात पुढे खेचून भागत नाही. डाव्या हाताने म्यान मागे घ्यायची असते आणि कंबर वळायची असते. हीच गोष्ट रिकाम्या हाताने करायची. धरलेला हात आहे तिथेच राहू द्यायचा, बोटं ताठ उघडायची, आणि कंबर व पावलं त्या हाताभोवती फिरवायची. तेनकान म्हणतात ते हेच. माझ्यासारख्या लहान चणीच्या बाईला ऐंशी किलोच्या माणसाची पकड सोडवता येत नाही, पण त्या पकडीभोवती फिरता येतं. शिहोनागे या फेकीमध्ये हात कपाळाच्या वर नेऊन, खालून वळून, पुन्हा खाली आणतो ना? तेच हातात बोक्केन, म्हणजे लाकडी तलवार, घेऊन करून बघा. वर उचलणं, वळणं, कापणं. हात शरीराच्या मध्यरेषेपासून बाजूला गेला तर बोक्केन लगेच वाकडी दिसते. रिकाम्या हाताने ती चूक लपून जाते.

याची मुळं नुसत्या कतानात नाहीत. 1532 मध्ये सुरू झालेल्या ताकेनोउची-र्यूसारख्या जुन्या घराण्यात आखूड पात्यासह झोंबण्याचं शिक्षण असे. चिलखतातल्या माणसाला ठोसे मारून काही होत नाही. त्याचा शस्त्राचा हात अडवायचा, त्याला पाडायचं आणि चिलखताच्या फटीतून कट्यार चालवायची. पुढे 1615 नंतर तोकुगावा राजवटीत मोठ्या लढाया थांबल्या आणि धोका दिवाणखान्यात आला. तिथे लांब तलवार बाजूला ठेवून बसायचं, आखूड मात्र कमरेला राहायची. गुडघ्यांवर बसून, गुडघ्यांवरच सरकत केलेली तंत्रं, म्हणजे सुवारी-वाझा, या जगाला शोभतात. नव्यांचे गुडघे त्यात हमखास कुरकुरतात. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा. उभ्याने तेच तंत्र करायला कुणी हरकत घेत नाही.

इथवर वाचून 'म्हणजे आयकिदोतली प्रत्येक हालचाल तलवारीचीच' असं मनात आलं असेल, तर जरा थांबा. असं ठासून सांगणारे शिक्षक भेटतात, मला ते पटत नाही. आयकिदोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा (1883–1969) यांनी पकडींचा मोठा भाग ज्यांच्याकडून घेतला ते दाइतो-र्यू या जुजुत्सूच्या घराण्याचे ताकेदा सोकाकु. ते तलवारीत मुरलेले होते खरे, पण सामुराईंनी कमरेला तलवार लावण्यावर बंदी आली 1876 मध्ये, तेव्हा ते ऐन पोरवयात होते. 1915 मध्ये होक्काइदोतल्या एंगारु इथे उएशिबांची आणि त्यांची गाठ पडली, तोवर रस्त्यात कुणाचा तलवारीचा हात दाबण्याची वेळच राहिली नव्हती. म्हणजे पकड शिल्लक राहिली आणि जिच्यासाठी ती होती ती तलवार गेली. पुढे उएशिबांनी 1937 मध्ये काशिमा शिंतो-र्यू या तलवारीच्या जुन्या घराण्यात रीतसर नाव नोंदवलं, आणि 1942 पासून इवामा या गावी शेती करत तलवार, काठी आणि रिकामे हात यांचा मेळ घालत राहिले. तिथे त्यांच्याकडे शिकलेले मोरिहिरो साइतो (1928–2002) यांनी ते सगळं शिकवता येईल अशा क्रमात बसवलं. बोक्केनचे सात मूळ वार आणि 31 हालचालींची जो-काता, म्हणजे काठीची ठरलेली मालिका, आज जगभर त्यांच्याच पद्धतीने शिकवतात. म्हणून आज आपल्याला दिसणारं नातं थोडं जुनं आहे आणि थोडं नंतर मुद्दाम बांधलेलं.

शिवाय पकडीचं एक साधं काम आहे ज्याचा तलवारीशी संबंध नाही. वार डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच निघून जातो, पकड थांबते. नवख्याला समोरच्याचं वजन कुठे आहे हे चाचपायला वेळ मिळतो. बसून, मनगटं धरू देऊन समोरच्याचा तोल हलवायचा कोक्यू-हो तर उघड उघड सराव आहे, त्यात कुणी कुणाला मारत नाही. टोक्योतल्या होम्बू दोजोच्या, म्हणजे आयकिदोच्या मुख्यालयाच्या, नेहमीच्या वर्गांत इवामाइतका शस्त्रांवर भर नसतो, तरी तिथून उत्तम लोक तयार होतात. तुमच्या गावातल्या वर्गात बोक्केन दिसली नाही तर नाक मुरडू नका.

धरायचं कसं, हे मात्र नीट शिका, कारण पहिले काही महिने तुम्ही अर्धा वेळ उके, म्हणजे हल्ला करणारे असता. बोक्केनची मूठ जशी करंगळी आणि अनामिकेने घट्ट, तर्जनी जवळजवळ सैल ठेवून धरतात, तसंच मनगट धरा. कोपर खाली, खांदा खाली, पकडीमागे पाय आणि कंबर. धरून तिथेच पुतळा होऊ नका. समोरच्याचा तोल तुमच्या दिशेने किंवा खाली नेण्याचा हेतू हवा. प्रत्येक दोजोत एक पैलवान असतोच, जो सगळी ताकद लावून मनगट आवळतो आणि 'बघा, तुमचं तंत्र चालत नाही' असं हसून दाखवतो. त्याने दोन्ही हात गुंतवून स्वतःचा चेहरा उघडा टाकलेला असतो. आमच्याकडे सेम्पाई, म्हणजे जुने विद्यार्थी, अशा वेळी शांतपणे मोकळी मूठ त्याच्या नाकाजवळ नेऊन थांबवतात. तो आतेमी, म्हणजे वार, इथे नुसता दाखवलेला. कुणाला लागत नाही, पण पकड लगेच माणसात येते.

तलवार घेतलेल्या माणसाला रिकाम्या हातांनी सामोरं जाण्याचा सराव, ताची-दोरी, बऱ्याच पुढे येतो. त्याचा जुना नामांकित दाखला म्हणजे 1594 मध्ये तलवारबाज याग्यू मुनेयोशी यांनी पुढे शोगुन झालेल्या तोकुगावा इएयासु यांच्यासमोर दाखवलेलं नि:शस्त्र तलवार-हरण. हे पाहताना प्रत्येकाचे डोळे पात्यावर असतात, पण हात जातो मुठीवर, समोरच्याच्या दोन हातांमधल्या जागेत. तिथे पोचायला आधी वाराच्या रेषेतून बाहेर पडावं लागतं, आणि बहुतेक वेळ तेवढंच शिकण्यात जातो. तांतो-दोरी, म्हणजे कट्यार काढून घेण्याचा सराव, मात्र रस्त्यावरच्या चाकूपासून वाचण्याचा उपाय समजू नका. त्यात वार ठरलेला असतो, एकच असतो. चाकूवाला ठरवून वार करत नाही. त्याच्यापासून पळावं.

कोल्हापूरकडे मर्दानी खेळ शिकलेल्यांसाठी एक गोष्ट. लाठी आणि पट्टा फिरवण्याने तुमची मनगटं सैल आणि वेगवान झालेली असतात, आणि अंतराचा अंदाज आयताच असतो. तो फार कामी येतो. पण जपानी तलवार दोन हातांची. ती गोल फिरवायची सवय सोडून पोटापासून सरळ खाली कापायला शिकावं लागतं, आणि त्याचा कंटाळा येतो.

खरेदीचं सांगते. पहिले तीन-चार महिने काही विकत घेऊ नका, दोजोतली वापरा. नंतर बोक्केन साधारण 102 सेंमी आणि जो, म्हणजे काठी, साधारण 128 सेंमी लांबीचा घ्या. ओक लाकूड चांगलं. जोडीने एकमेकांवर आपटायची असेल तर पांढरा ओक लाल ओकपेक्षा टिकतो. जाड वार्निश असलेली चकचकीत काठी टाळा, घामाने हातात अडकते आणि सरकत नाही. जपानातून कुणाकडून मागवणार असाल तर त्यांना आधीच सांगा की ही विमानात केबिनमध्ये नेता येत नाही, चेक-इन सामानात द्यावी लागते. आणि जो नेहमीच्या सुटकेसमध्ये मावत नाही, तेव्हा वेगळ्या सामानाचे पैसे किती पडतात ते एअरलाइनला आधी विचारून घ्यायला लावा. कित्येकदा त्या पैशांत तुमच्या गावातल्या सुताराकडून दोन काठ्या होतात.